इंग्रजीच्या तासाला दुसऱ्यांची संस्कृती कशी शिकवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले इंग्रजीचे शिक्षक, काही पालक आणि नुकती नोकरीला लागलेली मुलंमुली यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर जे प्रश्न सारखे येत राहतात ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. मॅडम, हे इंटरकल्चरल कॉम्पिटन्स म्हणजे नेमकं काय? आणि इंग्रजीच्या तासाला त्याचं काय काम?

आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने वाढलेल्या माणसाशी बोलताना त्याचं म्हणणं त्याच्या जागेवरून समजून घेता येणं, आपलं म्हणणं त्याला कळेल असं सांगता येणं, आणि काहीतरी खटकलं तर रागावण्याआधी विचारता येणं, एवढंच. ब्रिटनचे अभ्यासक मायकेल बायरम यांनी १९९७ साली याचे पाच भाग मांडले आणि आजही जगभर इंग्रजीचे शिक्षक तेच धरून चालतात: कुतूहल आणि मोकळेपणा, समाजाबद्दलची माहिती, दुसऱ्याकडच्या गोष्टीचा अर्थ लावून ती आपल्याकडच्याशी जोडून बघणं, नसलेली माहिती समोरच्याकडून विचारून काढणं, आणि शेवटी दोन्ही बाजूंकडे चिकित्सक नजरेने पाहणं. यातली माहिती हा एकच भाग पुस्तकात सापडतो, बाकीचे चार वर्गात घडवावे लागतात.

इंग्रजीच्या तासाला काम असं, की ही भाषा आपली मुलं मुख्यतः अनोळखी माणसांशी बोलणार आहेत. घरच्यांशी मराठी, दुकानात हिंदी, आणि इंग्रजी कोणाशी, तर जो आपल्यासारखा नाही त्याच्याशी. मग तसल्या माणसाशी बोलायचं कसं हे दुसऱ्या कुठल्या तासाला शिकवणार?

२. म्हणजे मुलांना इंग्रज-अमेरिकन लोकांसारखं वागायला शिकवायचं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे आणि त्यानेच खूप शिक्षक या विषयापासून लांब पळतात. बायरम यांचं म्हणणं हेच होतं की नेटिव्ह स्पीकर, म्हणजे लहानपणापासून तीच भाषा बोलत आलेला माणूस, हे ध्येयच चुकीचं आहे, ध्येय हवं ते दोन बाजूंमध्ये उभं राहून दोघांना समजून घेणाऱ्या बोलणाऱ्याचं. युरोपात भाषेच्या लेव्हल ठरवणारी जी सीईएफआर चौकट आहे, ती बनवणाऱ्यांनीही नंतर २०१८ च्या आवृत्तीत आपल्या वर्णनांमधून नेटिव्ह स्पीकरचा मापदंड काढून टाकला.

आणि व्यवहारात बघा ना. ब्रज काच्रू या काश्मिरी भाषातज्ज्ञांनी १९८५ च्या सुमारास इंग्रजीची तीन वर्तुळं सांगितली, आतलं ब्रिटन-अमेरिकेसारख्या देशांचं, बाहेरचं आपल्यासारख्या, नायजेरियासारख्या देशांचं, आणि तिसरं पसरत जाणारं, चीन, जपान, ब्राझीलसारखं. मिहानमधल्या, म्हणजे नागपूरच्या आयटी-उद्योग परिसरातल्या कंपनीत लागलेली मुलगी सकाळी चेन्नईच्या टीमशी, दुपारी जर्मनीच्या आणि संध्याकाळी अमेरिकेच्या माणसाशी बोलते, मग लंडनचे मॅनर्स पाठ करून तिचं काय भागणार?

३. आमच्या शाळेत सगळी मुलं इथलीच आहेत, फॉरेनर कुठून आणायचा?

आणायची गरजच नाही, नागपूरच पुरतं. एकाच वर्गात महालातल्या जुन्या वाड्यातली मुलगी, जरीपटक्याचा सिंधी मुलगा, ताजबागजवळचा मुलगा, कोष्टीपुऱ्यातला, रामटेक-पारशिवनीकडून आलेली गोंड मुलगी असू शकते, आणि हे सगळे एकमेकांच्या घरी काय चालतं हे खरं तर फारसं जाणत नाहीत. एकाच बाकावर वर्षभर बसतात तरी.

मी शिक्षकांना सगळ्यात आधी मारबतीचा धडा करायला सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, जुन्या नागपुरातून निघतात, सोबत चालू घडामोडींवरचे बडगे (तेही पुतळेच) असतात, लोक "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडतात, आणि ही मिरवणूक एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. मुलांना सांगायचं, की कोरियातून आलेल्या, भारताबद्दल काहीच माहीत नसलेल्या मुलीला ही मारबत इंग्रजीत समजावून सांगा. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुलं लिहितात, "मारबत इज अ स्टॅच्यू. वुई टेक इट आउट अँड बर्न इट." मग त्या कोरियन मुलीच्या जागी बसलेल्या मुलाने फक्त प्रश्न विचारायचे. कोणाचा पुतळा? जाळता का? बाईचाच का? लहान मुलं बघतात का? राग कोणावर आहे? आणि इथे वर्ग एकदम गप्प होतो, कारण दरवर्षी बघितलेली गोष्ट कधी कोणी विचारलीच नव्हती. घरी जाऊन आजीला विचारून येतात, दुसऱ्या दिवशी कोणी भोसले घराण्यातल्या बाकाबाईची गोष्ट सांगतं, कोणी रोगराईची, दोन घरांत दोन वेगळी उत्तरं, आणि मग "सम पीपल बिलीव्ह", "माय ग्रँडमदर सेज", "इन अवर एरिया" हे शब्द लागतात म्हणून शिकले जातात.

या एका धड्यात बायरम यांचे पाचही भाग येतात. आपली गोष्ट बाहेरच्याच्या डोळ्याने बघता आली की मग दुसऱ्याची गोष्ट विचित्र वाटायची थांबते, निदान तोंडातून लगेच "शी" निघत नाही.

४. पोर्शनच संपत नाही, ग्रामर कच्चं आहे, त्यात हे कधी करायचं?

वेगळा तास मागूच नका. ग्रामरचा जो मुद्दा शिकवायचाच आहे त्याचं उदाहरण बदला. मोडल्स (कॅन, कुड, वुड वगैरे) शिकवताना विनंती आणि नकार घ्या (प्रश्न ६ बघा). रिपोर्टेड स्पीच शिकवताना मुलांना शेजारच्या वेगळ्या घरातल्या आजोबांची मुलाखत घ्यायला लावा आणि ती वर्गात सांगायला लावा. सिम्पल प्रेझेंट शिकवताना "ऑल मराठी पीपल ईट पोहे" असं वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा खरं आहे का. मुलंच "मेनी", "युज्वली", "इन माय हाउस" घालून ते दुरुस्त करतात. ग्रामर तर झालंच, वर सरसकट बोलायची सवय तुटते, आणि माझ्या मते या एका सवयीवर बाकीचं सगळं उभं आहे.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलालाही दहावीपर्यंत दहा वर्षं मिळतात. आठवड्यात दहा मिनिटं जरी यासाठी काढली तरी खूप होतं.

५. टेक्स्टबुकमध्ये परदेशातला धडा असला तर काय वेगळं करू?

कठीण शब्दांचे अर्थ झाल्यावर तीन प्रश्न विचारा. या माणसाच्या जागी तुमचे काका असते तर काय बोलले असते? धड्यातलं कोणाचं वागणं तुम्हाला खटकलं आणि का? आणि या माणसाला तुमच्या घरातलं काय खटकेल? तिसरा प्रश्न सोडू नका, सगळे तोच सोडतात.

६. माझे विद्यार्थी इंग्रजी बरं बोलतात, तरी ऑफिसात बाहेरचे क्लायंट म्हणतात हे लोक रूड आहेत, किंवा हो म्हणतात आणि करत नाहीत. कुठे चुकतं?

हा प्रश्न मिहानला आणि पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलांकडून इतक्या वेळा येतो की जरा सविस्तर लिहिते.

जेनी थॉमस या भाषातज्ज्ञांनी १९८३ मध्ये यावर लिहिलं, आणि अशा चुकांचे दोन प्रकार केले. पहिला प्रकार भाषेचा. मराठीत आपण म्हणतो "ती फाईल पाठवा ना जरा". यात "पाठवा" मधला आदर, "ना", "जरा", शिवाय आवाजातला मऊपणा, एवढं सगळं काम करत असतं. इंग्रजीत मुलगा लिहितो "सेंड मी द फाईल", कारण शब्द तेच आहेत. पण आदर सगळा गळून पडलेला असतो, इंग्रजीत क्रियापदाला तो लागतच नाही, तिथे तो "कुड यू", "वुड यू माइंड", "व्हेन यू गेट अ चान्स" अशा वेगळ्या बांधणीतून आणावा लागतो. क्लायंटला हुकूम ऐकू येतो. मुलगा मात्र मनातून अगदी नम्र असतो, म्हणून त्याला कळतच नाही काय बिघडलं. यावर उपाय सरावाचा आहे: एकच मागणी मित्राला, बॉसला आणि कधी न भेटलेल्या क्लायंटला, अशी तीन वेळा लिहायला लावा आणि वर्गात मोठ्याने वाचा.

दुसरा प्रकार समाजाच्या अंदाजाचा. काय विचारलेलं चालतं, कधी नाही म्हणायचं, मोठ्यांना उलट बोलायचं का. आपल्याकडे पहिल्या भेटीत "लग्न झालं का, पगार किती" हे आपुलकीने विचारतात, बऱ्याच ठिकाणी ते खाजगीत नाक खुपसणं वाटतं. आणि "येस सर"चं तसंच. साहेबांनी सांगितलं आणि आपण लगेच "नाही जमणार" म्हटलं तर ते उद्धटपणाचं वाटतं, म्हणून मुलगा येस म्हणतो, म्हणजे त्याच्या लेखी "ऐकलं, बघतो". समोरचा ते "शुक्रवारी मिळेल" असं धरून बसतो. एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये संदर्भावर जास्त चालणाऱ्या आणि शब्दांवर जास्त चालणाऱ्या बोलण्यातला फरक सांगितला होता तो इथे उपयोगी पडतो, पण देशांना शिक्के मारायला नको (प्रश्न ८).

वर्गात असं करा. एक मुलगा मॅनेजर, दुसरा कर्मचारी, काम सोमवारचं आणि ते सोमवारी होणं शक्य नाही. अट एकच, येस आणि नो हे दोन्ही शब्द वापरायचे नाहीत. "आय कॅन गिव्ह यू द फर्स्ट पार्ट बाय मंडे, द रेस्ट बाय वेन्सडे" इथपर्यंत मुलं स्वतः पोचतात. आणि हेही सांगाच, की क्लायंटनेही आपल्याला समजून घ्यायला हवं, सगळं ओझं आपल्याच मुलांनी उचलायचं असं अजिबात नाही. "जस्ट टू कन्फर्म, डज धिस मीन फ्रायडे?" हे विचारायची सवय दोन्हीकडे लागली पाहिजे.

७. इंग्रजी आणि बाहेरची संस्कृती शिकवून मुलं आपलं विसरणार नाहीत का?

पालकसभेत हमखास येणारा प्रश्न, आणि काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. पण वर मारबतीचं बघितलं ना, या पद्धतीने शिकवलं तर मुलाला आधी आपल्याच घरात विचारावं लागतं. आपलं विसरायला लावतो तो दुसराच प्रकार, जिथे मुलाला त्याच्या बोलीची लाज वाटायला लावतात. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी मुलांना हे चांगलं माहीत आहे, पुण्याला हॉस्टेलवर "काय करून राहिला" म्हटलं की समोरचे हसतात. तोच अनुभव वर्गात वापरा. तेव्हा कसं वाटलं होतं, आणि आता तुम्ही बिहारच्या किंवा मणिपूरच्या मुलाच्या इंग्रजीवर हसता तेव्हा त्याला कसं वाटत असेल, ह्यावर मुलं जे मनापासून बोलतात ते कुठल्याही धड्यातून येत नाही.

८. "जपानी लोक असे असतात, जर्मन लोक तसे असतात" असे चार्ट लावू का? मुलांना पटकन कळतं.

पटकन कळतं म्हणूनच जपून. जपानला जाणाऱ्या मुलीला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं हे माहीत असणं उपयोगाचंच आहे. पण चार्ट पाठ झाला की मुलगा समोरच्या माणसाकडे बघणं बंद करतो. एक साधी परीक्षा घ्या: तसाच चार्ट "नागपूरचे लोक" यांच्यावर बनवायला सांगा. पहिल्या दोन ओळींनंतर वर्गात भांडण सुरू होतं, आमच्या घरी तर सावजी कोणी खातच नाही, आम्ही तर शाकाहारी, वगैरे. मग विचारा, जपानमध्येही असंच भांडण होणार नाही का? माहितीला पहिला अंदाज म्हणून धरायचं, आणि माणूस भेटला की बदलायची तयारी ठेवायची. भाषेच्या बाजूने हे कसं शिकवायचं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

९. याला मार्क कसे द्यायचे?

माहितीला आणि कौशल्याला द्या, मनोवृत्तीला देऊ नका. मुलगा किती मोकळ्या मनाचा आहे याला दहापैकी सात दिले की तो पुढच्या वेळी मोकळेपणाचं नाटक करतो. त्याऐवजी छोटी डायरी ठेवायला लावा: वेगळ्या माणसाशी भेट कुठे झाली, काय झालं, मला काय वाटलं, त्याला काय वाटलं असेल, आता परत झालं तर काय वेगळं करेन. काउन्सिल ऑफ युरोपने २००९ मध्ये अशा भेटींचं आत्मचरित्र लिहायचा एक साचा काढला, त्यातले प्रश्न साधारण असेच आहेत आणि आपल्याकडे ऑटोतल्या किंवा एसटीतल्या भेटीलाही लागू पडतात. डायरीच्या इंग्रजीला मार्क द्यायचे असतील तर द्या, अनुभवाला नको.

डायऱ्या वाचताना एक खूण लक्षात ठेवा. अमेरिकेचे मिल्टन बेनेट यांनी या प्रवासाचे सहा टप्पे सांगितलेत, नाकारण्यापासून सुरू होऊन सामावून घेण्यापर्यंत. त्यातला तिसरा, "शेवटी आपण सगळे सारखेच" हा टप्पा फार गोड वाटतो आणि शिक्षक तिथेच खूश होऊन थांबतात. पण त्यात सारखे म्हणजे आपल्यासारखे असं धरलेलं असतं. असं वाक्य दिसलं की समासात लिहा, "कशात सारखे नाही?"

१०. वर्गात जात, धर्म, खाण्यापिण्यावरून वाद झाला तर? मला तर विषयच काढायची भीती वाटते.

भीती बरोबर आहे, आणि तरी विषय टाळून चालत नाही, कारण मुलं मधल्या सुटीत तेच बोलत असतात, फक्त तिथे सांभाळणारं कोणी नसतं.

एक नियम मी अगदी कडक पाळायला सांगते: कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी बनवायचं नाही. "तू मुस्लिम आहेस ना, सांग रोज्याबद्दल" किंवा दीक्षाभूमीचा विषय निघाला की सगळ्या माना एका मुलीकडे वळणं, हे त्या मुलांना किती जड जातं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. स्वतःहून कोणी बोललं तर ऐका, विचारून घेऊ नका. टिफिनवरचे प्रश्नही तसेच, "तुझ्या घरी काय खातात" हे विचारलं की जात विचारल्यासारखं होऊ शकतं, त्यापेक्षा "पाहुणे आले की घरात काय गडबड होते" हे विचारा, तेवढंच समजतं आणि कोणी उघडं पडत नाही.

विषय मात्र सगळ्यांचा करा. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह इथे बौद्ध धम्म स्वीकारला, हा नागपूरच्या प्रत्येक मुलाचा इतिहास आहे, धर्म कुठलाही असो. दरवर्षी दीक्षाभूमीवर देशभरातून आणि परदेशातूनही लोक येतात. "त्यांच्यातल्या एखाद्याला शहराची ओळख इंग्रजीत करून द्यायची आहे, काय सांगाल, काय विचाराल" हे काम सगळ्या वर्गाला द्या. (खरोखर मुलांना अनोळखी लोकांशी बोलायला पाठवत असाल तर शाळेची आणि पालकांची परवानगी, सोबत शिक्षक, आणि समोरच्या माणसाची संमती, याशिवाय नको.)

वाद पेटलाच तर आधी थांबवा आणि दोघांना लिहायला बसवा, स्वतःचं नाही, समोरच्याचं म्हणणं इंग्रजीत, त्याला मान्य होईल असं. अपमान झाला असेल तर मात्र हा भाषेचा उद्योग बाजूला ठेवा, ज्याचा अपमान झाला त्याच्या बाजूने तिथल्या तिथे स्पष्ट उभं राहा.

११. मग दुसऱ्याचं सगळंच बरोबर म्हणायचं का? एखादी प्रथा खरंच चुकीची असली तर?

नाही, समजून घेणं आणि मान्य करणं वेगळं. बायरम यांचा पाचवा भाग हाच आहे, मत बनवायचं, पण कुठल्या निकषावर ते उघड सांगून. आपल्याकडे तो निकष हाताशी आहे, संविधानाची उद्देशिका प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते. समता, स्वातंत्र्य, बंधुता, न्याय या कसोटीवर परदेशातली प्रथा तपासायची तशी आपलीही. मारबतीच्या धड्यात "बाईचाच पुतळा का" असं एखादी मुलगी विचारते तेव्हा तिला गप्प करू नका, आणि मारबत वाईट असा निकालही स्वतः देऊ नका. "इट इज ऑप्रेसिव्ह बिकॉज", "आय सी इट डिफरंटली बिकॉज" अशी वाक्यं देऊन मुलांना मांडू द्या, "बिकॉज" नंतर काय येतं तिकडे लक्ष ठेवा.

१२. परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल करायचा होता, नेट नाही आणि तिकडची वेळही जुळत नाही.

तामिळनाडू, केरळ किंवा नागालँडच्या शाळेशी पत्रव्यवहार करा, पोस्टानेसुद्धा चालतो. तिथे आपली मराठी चालत नाही, हिंदीही प्रत्येकाला येईलच असं नाही, म्हणून इंग्रजी खरोखर लागते, आणि वेळेचा प्रश्न नाही. पहिल्या पत्रात माहिती कमी आणि प्रश्न जास्त असू द्या.

१३. मी स्वतः कधी महाराष्ट्राबाहेर राहिले नाही, मी कशी शिकवू?

शिकवू शकता, बिनधास्त. मुलाने विचारलं "मॅडम, फिनलंडमध्ये शिक्षकांना काय हाक मारतात" तर "मला माहीत नाही, कसं शोधायचं सांग बरं, आणि कोणाला विचारलं तर खरं कळेल" हे उत्तर चालतं, कारण प्रश्न १ मधला चौथा भाग, विचारून काढणं, तो मुलांना तेव्हाच दिसतो. जास्त फिरलेले शिक्षक कधी कधी आपल्याच अनुभवाला अख्खा देश समजून बसतात, तेही बघितलंय.

१४. वर्गात एक मुलगा पाच वर्षं अमेरिकेत राहून परत आलाय. त्याच्याकडूनच शिकवून घेऊ का?

सुरुवातीला नको. बाकीची मुलं त्याच्या उच्चारांची नक्कल करत असतात किंवा त्याला "अमेरिका" म्हणून चिडवत असतात, त्यात त्याला तुम्ही फळ्यासमोर उभं केलं की तो अजून वेगळा पडतो. शिवाय त्याने एक शहर, एक शाळा बघितली आहे, देश नाही. त्याच्यासाठी अवघड आहे ते नागपूर, इथे सरांसमोर उभं कसं राहायचं, मित्राच्या घरी नाही म्हटलं तरी परत परत वाढतात ते का, ऑटोत कोणीही काहीही विचारतं त्याला काय उत्तर द्यायचं. ह्या गोष्टी बाकीच्या मुलांनी त्याला इंग्रजीत समजावून सांगायच्या, असं काम द्या. त्यांना इंग्रजी बोलायला खरं कारण मिळतं, त्याला मित्र मिळतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो आपणहून तिकडच्या गोष्टी सांगायला लागला की मग ऐका.